दिवाणखान्यातली केरसुणी

दिवाळीसाठी आमच्या हिने सोफ्यावरच्या भिंतीला केरसुणी टांगली. मुठीला लाल गोंडे, आरसे, आणि फडा वर, मोराच्या पिसाऱ्यासारखा फुललेला. आयुष्यभर दाराआड राहिलेल्या केरसुणीला आज पाहुण्यांसमोर मान मिळाला होता, याचं मला कौतुकच वाटलं.

तेवढ्यात आत्या राहायला आली आणि उंबऱ्यातच थबकली. केरसुणी उलटी ठेवली की पाहुणा लवकर उठतो, हे लहानपणी मला तिनेच सांगितलं होतं.

"तोंडाने सांगितलं असतंस तर आलेच नसते रे!"

"आत्या, ती नुसती शोभेची आहे."

"शोभेची झाली म्हणून तिचा गुण जातो होय?"

जुन्या वस्तू भिंतीवर चढवल्या की आपण समजतो, आता त्या गप्प बसतील. पण त्यांची बोलण्याची खोड काही जात नाही.

आत्याने सोफ्यावर चढून केरसुणी सुलटी केली, तिला नमस्कार केला आणि म्हणाली, "आता तुळशीचं लग्न लावूनच जाईन."

तुळशीचं लग्न होऊन गेलं. आत्या आहेच. आज सकाळी केरसुणी पुन्हा उलटी दिसली.

"तशीच शोभते हो," ही हळूच म्हणाली.