कापडाची म्हणजे कापडाचीच

प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा जळकोटला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंनी कापडी पिशव्या शिवायला घेतल्या. जाऊबाईंना मी अक्का म्हणते. गल्लीतल्या चौघी जणी मदतीला आल्या. पिशवी साधी, पण कापड जाड सुती आणि बंदांना दुहेरी शिलाई. नवीन माप ठरवलं की अक्का पिशवीत ज्वारी भरून ती दिवसभर खुंटीला टांगून ठेवायच्या. बंद उसवला, तर ते माप बाद.

काम जरा बसलं आणि लातूरचा एक व्यापारी आला. ऑर्डर मोठी होती. कापड तो देणार, आम्ही नुसतं शिवायचं. टेम्पोतून हिरवे रोल उतरले. त्यावर ‘पर्यावरणपूरक कापडी पिशवी’ असं आधीच छापलेलं होतं.

अक्कांनी त्यावर हात फिरवला. “हे सुताचं वाटंना गं.”

मी कोपरा कापला आणि काडी लावली. सुती कापड जळून राख होतं. हे आकसलं, वितळलं आणि त्याचा काळा थेंब फरशीवर पडून तिथेच घट्ट झाला. खोलीभर प्लास्टिकचा वास सुटला.

हे काम नाकारलं तर पुढे दुसरं नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मी चौघींना म्हटलं, “तुम्ही सांगाल तसं करू.”

त्यांतली सगळ्यात गरजू बाई आधी बोलली. “मी माझ्या भावजयीला कापडाची म्हणून पिशवी दिली. तिनं उद्या विचारलं तर काय सांगू? मला न्हाई जमायचं.”

मी व्यापाऱ्याला फोन करून माल परत न्यायला सांगितलं. तो हसला. “सगळे हेच शिवायलेत, ताई. कोण काडी लावून बघतंय?”

“आम्ही बघितली ना,” मी म्हणाले.

तो हंगाम अवघड गेला. चौघी सोयाबीन काढायला जाऊ लागल्या. मशीनवर चादर टाकली की खोली उगीच मोठी वाटायची. पण एकीनंही ‘तेव्हा हो म्हणायला पाहिजे होतं’ असं म्हटलं नाही.

मग देगलूरचे एक मास्तर आले. त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि पाहुण्यांना टॉवेल-टोपीऐवजी पिशवी द्यायची होती. अक्कांचं माहेर देगलूरचं, म्हणून मास्तरांच्या कानावर आमची गोष्ट गेली होती. ते म्हणाले, “परत पाठवलेल्या मालाबद्दल ऐकलं. म्हणून आलो.”

मास्तरांनी आम्हा सगळ्यांना लग्नाचं आवतण दिलं. मांडवात जेवणं उरकली आणि जो तो आमची पिशवी घेऊन निघाला. तेलंगणातून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं बंद दोन्ही हातांनी जोरात ताणून बघितला आणि मान हलवून म्हणाली, “मंचिगुंदी.” छान आहे म्हणाली. देगलूर तेलंगणाच्या सीमेवरचं, त्यामुळे अक्कांना तेलुगू येतं. त्या तिच्याशी तेलुगूत बोलायला लागल्या, तशी ती शेजारीच बसली.

तेवढ्यात मास्तर व्याह्यांना घेऊन आले. “या पिशव्यांच्या कंपनीच्या मालकीणबाई,” त्यांनी अक्कांकडे हात केला.

आम्ही स्वतःला कंपनी कधी म्हटलं नव्हतं. अक्कांनी पदर सारखा केला, मागे बसलेल्या आमच्याकडे वळून बघितलं आणि ठामपणे म्हणाल्या, “मी एकटी न्हाई. सहाजणी हाव आम्ही.”

व्याही निलंग्याचे, किराणा दुकानवाले. त्यांनी तिथेच दुकानासाठी पिशव्या सांगितल्या. आज आमचा कारखाना बसस्टँडजवळच्या भाड्याच्या गाळ्यात आहे आणि नवीन आलेल्या पोरींना शिलाई अक्काच शिकवतात. दारावरच्या पाटीवर नाव काय लिहायचं यावर बरेच दिवस वाद झाला. शेवटी कारखान्याच्या नावाखाली सहाही जणींची नावं लिहून घेतली. पाटी त्यामुळे जरा गिचमिड झाली आहे, पण रंगाऱ्याला आम्ही एकही अक्षर गाळू दिलं नाही.