महालक्ष्म्यांपुढचं दुकान

आमच्या बाबांना भिंतीत साधा खिळा ठोकता येत नसे. खिळा वाकडा, भिंतीचा पोपडा खाली आणि बाबांचं बोट तोंडात, असा तो कार्यक्रम असायचा. त्यामुळे जर्मनीतल्या मामानं माझ्यासाठी बाहुल्यांशी खेळायचं छोटंसं दुकान पाठवलं आणि ते सुट्या तुकड्यांतून आपणच जोडायचं आहे असं कळलं, तेव्हा आई आधी पोट धरून हसली आणि मग तिनं हातोडी लपवून ठेवली.

ते खोकं मामाच्या ओळखीच्या एका गृहस्थानं आणलं होतं. बॅगेत मावेना म्हणून त्या शहाण्यानं झाकण तिकडेच फेकून दिलं. चित्र नेमकं झाकणावर! आत पातळ फळ्या, कागदाच्या पुड्यांत बारीकसारीक वस्तू आणि भिंती कशा उभ्या करायच्या त्याच्या आकृत्यांचा एक कागद. बाकी सगळा मजकूर जर्मन. दुकान कशाचं आहे ते कोणालाच कळेना. मला त्या माणसाचा अजून राग येतो.

"किराण्याचं आहे," बाबांनी जाहीर केलं. दुसरं कुठलं दुकान त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

आजोबांचं उमरेडला किराण्याचं दुकान होतं. बाबा एकुलते एक. त्यांनी गादीवर बसायचं सोडून नागपुरात, सदरमधल्या एका कचेरीत नोकरी धरली. आजोबा थकले, दुकान बंद झालं आणि ते आमच्याकडे राहायला आले. बाबांशी ते भांडत नसत. भांडले असते तर बरं झालं असतं. बाबांचा घास तोंडाशी असताना ते आईला नुसतं सांगत, "याच्या हातानं नसतंच चाललं वं दुकान. बंद झालं तेच बरं." बाबा खाली मान घालून जेवत. आजोबांनी आपल्याला एकदा तरी बरं म्हणावं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. मी लहान होते, पण हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि मला आजोबांचा संताप यायचा.

तेव्हा दुकान माझं असलं तरी ते बांधायचं होतं बाबांना, आणि दाखवायचं होतं आजोबांना. मला फक्त फळ्या धरून बसायची परवानगी होती.

बाबांनी सरस उकळला. घरभर मेलेल्या घुशीचा वास सुटला. भिंती उभ्या राहिल्या, पडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. एक भिंत बाबांच्या सदऱ्याला चिकटून कचेरीतही जाऊन आली. त्या भिंतींवर पांढऱ्या फरशा रंगवलेल्या पाहून आई म्हणाली, "हे दुकान आहे का न्हानी?"

"तिकडं सफाई फार राहते," बाबा म्हणाले.

मग पुड्या उघडल्या. छताच्या दांडीला अडकवायचे आकडे निघाले. ते कंदील टांगायला. लाकडाचा ठोकळा आणि रुंद पात्याची सुरी निघाली. ती गुळाची भेली फोडायला. गोल गुलाबी चकत्या निघाल्या, मधोमध पांढरा ठिपका. त्यांना बाबांनी रताळी ठरवलं. तांबड्या, फुगीर दाण्यांच्या माळा निघाल्या, तर शेजारच्या काकूंनी त्या हातात घेऊन निकालच दिला, "अवो, ह्या तर मिरच्या! आमच्या भिवापूरच्या. रंग पाहा ना." काकूंचं माहेर भिवापूरचं, त्यामुळे मिरचीच्या बाबतीत त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती. त्यांनी माळेचा वास घेतला आणि त्यांना चक्क ठसका लागला.

शेवटी निघालं एक डुक्कर. दोन पायांवर उभं, पुढे पांढरं फडकं बांधलेलं, हसरं.

"हे कायले?" आई म्हणाली.

"दारापुढं ठेवायले," बाबा म्हणाले. "आपल्या गल्लीत नाही का फिरत?" गल्लीत डुकरं खरोखरच फिरत होती.

पुढची सजावट बाबांनी आपल्या डोक्यानं केली. जुन्या बनियनची पोती शिवली, त्यांत तुरीची डाळ, तांदूळ, मोहरी भरली. औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांचे तेलाचे डबे झाले, काडेपेटीचा गल्ला झाला. "उभ्यानं कोणी धंदा करते का?" म्हणत त्यांनी परदेशी टेबलाचे पाय कापून टाकले आणि मागे पांढरी गादी अन् कापसाचा लोड मांडला. खोक्यातला पितळी तराजू गादीच्या उजव्या हाताला. एक दिवस त्यांनी आजोबांच्या खाटेकडे तोंड करून मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "आपल्या दुकानात तेलाचे डबे कुठं राहत होते?"

आजोबा भिंतीकडे वळून पडले होते. "मले काहून विचारतं? तू कधी आला होता दुकानात?"

बाबांनी डबे अंदाजानं लावले.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. आईनं आरास मांडली आणि बाबांचा चेहरा पाहून, स्वतःची चार खेळणी बाजूला सारून, दुकानाला अगदी मधोमध जागा दिली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका महालक्ष्म्यांना नमस्कार करून दुकानापुढेच बसकण मारायच्या. बाबा उगाच आतबाहेर करत होते. आजोबा खाटेवर होते, पण भिंतीकडे वळलेले नव्हते.

अशात माझ्या शाळेतल्या बाई आल्या. मिशनच्या शाळेच्या, स्वतः ख्रिस्ती, जर्मन सिस्टरांच्या हाताखाली शिकलेल्या. त्यांनी दुकानाची पाटी वाचली. अक्षरं झोकदार म्हणून बाबांनी ती तशीच ठेवली होती. बाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलू लागले.

"अहो, ही खाटकाची पाटी आहे," त्या म्हणाल्या. "हे डुकराच्या मांसाचं दुकान आहे."

मग काकूंनी बारीक आवाजात विचारलं, "अन् मिरच्या?"

"आतड्यात खिमा भरून करतात, ते आहे."

काकूंनी माळ हुंगताना धरली होती तो हात नऊवारीला पुसला आणि पुसतच राहिल्या. रताळ्यांचं काय, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. आईनं गोमूत्राची बाटली आणली आणि इतकं शिंपडलं की दुकानाची एक भिंत सुटून आडवी झाली. "उचला ते आधी!" ती ओरडली. बायका हसत होत्या, कोणी राम राम म्हणत होत्या. बाबांनी दुकान उचललं. ते दोन्ही हातांत धरून घराच्या मधोमध उभे राहिले, कुठे ठेवावं ते त्यांना समजेना. डोळे भरून आले होते. त्या क्षणी मला सगळ्या बायकांना हाकलून द्यावंसं वाटलं.

"ठेव गा खाली," आजोबा म्हणाले.

ते खाटेवरून उठून आले आणि गुडघे धरत जमिनीवर बसले. बाबांनी दुकान त्यांच्यापुढे ठेवलं. आजोबांनी डुक्कर काढलं, माळा काढल्या, चकत्या काढल्या, पाटी उपटली आणि सगळं माझ्या ओच्यात टाकलं. पडलेली भिंत उभी करून तिला लोडाचा टेका दिला. मग तेलाचे डबे उचलून डाव्या बाजूला ठेवले. तराजू बरोबर जागी होता, तो तसाच राहू दिला.

"बोहनी झाली काय?" त्यांनी विचारलं.

बाबांना आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, "नाही."

"मंग पावशेर तुरीची दाळ दे."

चाळिशीचे बाबा मांडी घालून बसले. बनियनच्या पोत्यातून त्यांनी चिमटीनं डाळ काढली, तराजूत टाकली. दाणे सांडत होते. पारडं खाली गेलं तरी त्यांनी वर आणखी एक दाणा टाकला. आजोबांनी ते पाहिलं. ओंजळ पुढे करून डाळ घेतली आणि धोतराच्या सोग्यात गाठ मारून ठेवली.

मागे बायका वाकून वाकून पाहत होत्या. आजोबा त्यांच्यावर खेकसले, "सरका वं जरा, गिऱ्हाइकाले जागा द्या. माह्या पोराचं दुकान आहे."