समेवरचा हात

सांगलीच्या नाट्यगृहात गाणं असलं की पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर तो बसलेला असतो. त्याचं नाव मला ठाऊक नाही आणि विचारायची हौसही नाही. गवई तान घेऊन समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, निघाला की याचा अंगठ्यांनी भरलेला हात वर जातो. तो मांडीवर आपटला की मागच्या रांगा ‘वाहवा’ करतात. गवयाकडे कुणी बघतच नाही.

परवा लहानमोठी व्हायोलिनं घेऊन चौघं तरुण आले. त्यांचं वाजवणं पाश्चात्त्य, नव्या धाटणीचं. तबला नाही, ठेका नाही. सवयीनं याचा हात वर गेला आणि तसाच लोंबकळत राहिला. वादन संपलं, चौघं उठून वाकले, तरी हॉल गप्प. हात अजून खाली आला नव्हता ना!

शेवटी तो शेजाऱ्याकडे वळून म्हणाला, “लय झटली बिचारी, पण सम काय घावली न्हाई बघ गड्या.”

आणि त्यानं हात मांडीवर आपटला. लगेच टाळ्यांचा कडकडाट झाला. चौघं खूश होऊन पुन्हा वाकले. टाळ्या कशाला पडल्या, ते मी तरी त्यांना सांगणार नाही.