दाजींच्या रक्ताचा कागद

दाजी गेल्याची तार सांगलीच्या वसतिगृहात आली तेव्हा मी जेवणाचं ताट धूत होतो. साताऱ्याच्या दवाखान्यात ते पंधरा दिवस होते. येत्या रविवारी भेटायला जायचं मी ठरवलं होतं... ते राहिलं. आता सहा आठवडे झाले. त्यांच्याविषयी लिहायचं तर माझी एक चूकही सांगावी लागेल, म्हणून हात अडखळतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. गाव विट्याजवळ, पण मिसरूड फुटण्याआधीच ते मद्रासकडे सोनं गाळायच्या दुकानात गेले. तेजाबाच्या धुरात वीस वर्षं काढलेली, त्यामुळे खोकला लागला तेव्हा सगळ्यांनी तो धुरावर ढकलला. ते स्वतः हसून म्हणत, "सोनं गेलंय छातीत, पडंल कवातरी बाहीर." एक दिवस खोकल्यातून रक्त आलं आणि ते गावी परतले. सांगलीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. क्षय निघाला. दीड वर्ष इंजेक्शनं आणि गोळ्या घ्यायच्या, मधूनमधून थुंकी तपासून घ्यायची, असं त्यांनी बजावलं होतं.

पण तालुक्याच्या दवाखान्यात थुंकीची डबी घेऊन रांगेत उभं राहायचं दाजींना जमेना. रांगेत निम्मं गाव ओळखीचं. "डबी बघितली की समद्यास्नी कळतंय," ते म्हणत. "त्यापरीस रगत काडा म्हणावं, पायजे तेवडं." रक्त दिलं, बाही खाली केली, की कुणाला काही कळत नसे. म्हणून ते सांगलीला येऊन फक्त रक्त तपासून घेत आणि कागद माझ्याकडे आणत. दोन्ही घरांत इंग्रजी वाचणारा मी एकटा.

पहिल्या कागदावर ई.एस.आर.चा, म्हणजे नळीतल्या रक्तातल्या तांबड्या पेशी तासाभरात किती खाली बसतात त्याचा, आकडा नव्वदच्या वर होता. सहा महिन्यांनी आला तो बारा. मी सायन्सच्या पहिल्या वर्षाला होतो. क्षयात हा आकडा वाढतो, एवढं कुठंतरी वाचलं होतं. मग तो उतरला म्हणजे क्षय गेला, असं मी धरून चाललो.

"काय मेव्हणं, काय म्हणतोय कागूद?"

"नॉर्मल आहे, दाजी."

"म्हंजी?"

"म्हणजे... आता काही नाही."

"मग सुटलो म्हणा की." त्यांनी स्टँडवर मला चहा पाजला आणि चहावाल्याला सांगितलं, "आमचं मेव्हणं हायती, कालेजात." मला बरं वाटलं होतं, हे लपवत नाही. डॉक्टरांना दाखवा, असं मी म्हणालो नाही. महिन्याभरात ते मद्रासला गेले. औषधं सुटली.

परत आले ते हाडांचा सापळा होऊन. त्यांना घेऊन आम्ही साताऱ्याच्या दवाखान्यात गेलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तो जुना कागद पाहिला. "हा आकडा कशानेही वाढतो," ते शांतपणे म्हणाले, "आणि औषध चालू झालं की जंतू पुरते मरण्याआधीच उतरतो. क्षय गेला की नाही, ते यावरून ठरत नाही. औषध बंद करायला कुणी सांगितलं?"

माझ्या शेजारी आक्का उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं. "त्येंनीच सोडलं, मनानं," ती म्हणाली.

तो विषय तिने पुन्हा काढलेला नाही. गेल्या आठवड्यात मी गेलो तेव्हा ती खोकत होती. कुणाला न सांगता विट्याला जाऊन तिनेही रक्त तपासून आणलं होतं. कागद माझ्यापुढे धरून म्हणाली, "बघ रं, काय म्हणतोय."

आकडा लहान होता. तो मी वाचला. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना.

"आक्का, मला यातलं कळत नाही."

तिने कागद परत घेतला. त्याची घडी घातली.

"मग चल," ती म्हणाली, "ज्येला कळतंय त्येच्याकडं जाऊ."

निघताना ती सोप्यातल्या दाजींच्या बाजेपाशी थांबली आणि तिच्यावरची वाकळ सारखी केली. तिथं आता कुणी झोपत नाही, पण रोज सकाळी ती हे करते.