कमी कोळशाचा सिद्धांत

पोट सुटलं की माणूस विज्ञानाकडे वळतो, असा माझा तरी अनुभव आहे. ऊर्जानगरच्या, म्हणजे औष्णिक वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये मी संध्याकाळचा भात सोडला आणि घरादाराला पेशींबद्दल सांगत सुटलो. अन्न कमी मिळालं की पेशी आपल्याच आतला कचरा मोडून वापरतात, तूटफूट दुरुस्त करतात. असे अर्धपोटी उंदीर तर जास्त जगले म्हणे. समोरच्याला कळलं नाही असं वाटलं की कामावरचं उदाहरण द्यायचो. कोळसा कमी, राख कमी, बॉयलर टिकतो. बायको म्हणायची, आधी ते पोट तं जाऊ द्या. आई मात्र मन लावून ऐकायची.

आई सिंदेवाहीकडची, धानाच्या बांधीत जन्म गेलेला. सगळ्यांचं झाल्यावर चुलीपाशी एकटीनं जेवायची सवय तिनं क्वार्टरच्या गॅसपाशीही सोडली नाही. त्यामुळे तिच्या ताटात काय पडतं, ते कुणी पाहिलंच नाही. तिच्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, तरी मी आपला माझ्या पट्ट्याचं भोक पाहून खूश. मग गच्चीवर वड्या घालता घालता ती चक्कर येऊन खाली बसली.

डॉक्टरांनी जेवणाचं विचारलं. आईनं माझ्याकडे पाहिलं.

"यानंच सांगतलं ना, कमी खाल्लं तं जास्त जगते. मले नातीचं लगन पाहाचं हाये."

डॉक्टर म्हणाले, उंदरांचं ठीक आहे, माणसाचं अजून नक्की नाही. आणि या वयात, आधीच काटकुळं शरीर उपाशी ठेवलं तर ते स्वतःचे स्नायूच खायला लागतं.  कामावर लोड फार उतरवून कोळसा अगदीच कमी केला की बॉयलरची आगच डगमगते, ती टिकवायला वरून तेल द्यावं लागतं, हे मी नवीन पोरांना शिकवतो. घरी मात्र अर्धंच सांगितलं होतं, माझ्या पोटाला सोयीचं तेवढं.

त्या संध्याकाळी आईला शेजारी बसवून मी तिला भात वाढला, वर वरण घातलं. तिनं तो कालवला. मग माझी रिकामी ताटली पाहिली आणि समजूत घातल्यासारखी म्हणाली,

"मी खाईन. पण तू कमीच खा, बाबू. तुले अजून लय जगायचं हाये."

मी भरपूर भात वाढून घेतला. तिच्यासमोर खायला लागलो. ती हातात घास धरून, काळजीनं माझ्याकडे पाहत थांबली होती.