ओताकारचं स्वित्झर्लंड आणि व्लास्ताची कॉफी

माझ्या बहिणीचा नवरा ओताकार कंजूस आहे असं आमच्या नाखोद गावात कोणी म्हणालं, तर मी भांडायला उठते. घरी आलेल्या माणसाला तो जेवल्याशिवाय सोडत नाही. चेकोस्लोव्हाकियाच्या हद्दीत त्याचा हात चांगला सढळ असतो. हद्द ओलांडली की मात्र त्याच्या मुठीतून एक नाणं सुटेल तर शपथ.

१९९२च्या उन्हाळ्यात आम्ही तिघं त्याच्या जुन्या स्कोडातून स्वित्झर्लंडला निघालो. पुढे तो आणि माझी थोरली बहीण व्लास्ता, मागे मी आणि बटाट्यांचं पोतं. डिकीत गूलाशच्या, म्हणजे मांसाच्या दाट रश्श्याच्या, बरण्या, पावाच्या मोठ्या लाद्या, तंबू, स्टोव्ह, पेट्रोलचे कॅन आणि व्लास्ताने दोन रात्री जागून तळलेले रीझेक. पोर्कचे हे तळलेले काप बरोबर घेतल्याशिवाय आमच्याकडे कोणी शेजारच्या गावीसुद्धा जात नाही, आणि आम्ही तर अशा देशात चाललो होतो जिथे एका जेवणाच्या पैशांत आमचा आठवड्याचा बाजार होतो.

स्विस हद्दीवरच्या शिपायाने डिकी उघडली आणि आपल्या जोडीदाराला हाक मारली. दोघांनी मिळून आत बघितलं.

"मुक्काम किती महिने?"

"दहा दिवस," ओताकार त्याच्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाला. "घ्या ना एक रीझेक. बायकोच्या हातचा आहे."

शिपायाने घेतला नाही, पण हसत हसत आम्हाला जाऊ दिलं.

पुढचे दिवस मी जन्मात विसरणार नाही. ओताकारचं म्हणणं असं, की डोंगराला तिकीट नसतं, वर नेणाऱ्या रेल्वेला असतं. म्हणून डोंगर खालून बघायचा. किल्ला बाहेरून बघायचा, कारण "आत काय, खुर्च्याच असणार!" रात्री एखाद्या शेतकऱ्याला खाणाखुणा करून त्याच्या कुरणात तंबू ठोकायचा. एका भल्या मोठ्या हॉटेलच्या गाडीतळावर आम्ही स्टोव्ह पेटवून बटाटे उकडले. वरच्या सज्जातून नटलेल्या बायका वाकून बघायला लागल्या, तेव्हा याने खालून चमचा उंचावून त्यांना ओरडून सांगितलं, "या जेवायला!" मला कुठे तोंड लपवू असं झालं. व्लास्ता मात्र पोट धरून हसत होती.

हे सगळं चाललं असतं. पण तो आम्हाला कुठे टेकू देईना. तळं आलं की गाडी थांबवायची, एक फोटो काढायचा, टाळी वाजवायची आणि म्हणायचं, "बघितलं. चला!" रात्री तंबूत आम्ही घोरत असलो तरी हा टॉर्च लावून नकाशावर बोट फिरवत बसलेला. डोळे लालभडक.

व्लास्ताने या सबंध सहलीकडून एकच गोष्ट मागितली होती. गिरणीच्या कॅन्टीनमध्ये तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताटात सूप वाढलं. तिला तळ्याकाठच्या एखाद्या टेबलाशी बसायचं होतं, आणि कोणीतरी आणून दिलेली कॉफी प्यायची होती.

"थर्मासमध्ये आहे की कॉफी," ओताकार म्हणायचा.

"ती मीच केलीय, ओता."

"म्हणूनच चांगली आहे!"

पैसे सगळे त्याने पोटावर बांधलेल्या पिशवीत. रोज ती विचारायची, रोज तो "उद्या" म्हणायचा. बघता बघता शेवटचा दिवस आला. त्या दुपारीही त्याला आणखी तीन गावं उरकायची होती. तळ्याकाठी त्याने फोटो काढला, टाळी वाजवली आणि वळला. व्लास्ता जागेवर नव्हती.

ती समोरच्या हॉटेलच्या अंगणात, फुलांच्या कुंड्यांपलीकडे, पांढऱ्या टेबलाशी बसली होती. वेटर तिची ऑर्डर घेऊन आत चालला होता. तिच्याजवळ फुटकी कवडी नव्हती, माझ्याजवळही नव्हती. मी जाऊन मुकाट्याने तिच्या शेजारी बसले.

ओताकार कुंड्यांच्या बाहेर उभा राहिला. मोजे, सँडल, लाल डोळे.

"व्लास्ता, ऊठ!"

"नाही उठत."

"पैसे कोण देणार?"

"तू. नाहीतर मी इथे भांडी घासेन. सवय आहे मला."

आजूबाजूचे लोक बघायला लागले. तेवढ्यात कॉफी आली, सोबत पाण्याचा ग्लास आणि चॉकलेटचा तुकडा. ओताकारने मान लांब करून विचारलं, "पाण्याचे वेगळे पैसे घेतात का?" आणि शेवटी आत येऊन खुर्चीच्या अगदी टोकावर टेकला.

"तीन गावं राहिली," तो म्हणाला. त्याचा आवाज इतका केविलवाणा होता की मला हसू येईना. "परत सोडतील की नाही, कुणाला माहीत?"

मला तेव्हा समजलं. एकोणसत्तर साली त्याच्या हातात देशाबाहेर जायच्या परवानगीचा कागद होता, सीमा उघडी होती. पुढच्या वर्षी चांगला तंबू घेऊन जाऊ, म्हणून तो थांबला. त्याच शरद ऋतूत सरकारने सीमा बंद केली, ती वीस वर्षं. आता एका कॉफीचे पैसे म्हणजे त्याला आणखी एक गाव वाटत होतं. गाढव मेला! हे आधी बोलला असता तर मी त्याला इतके टोमणे मारले नसते.

व्लास्ताला हे सगळं माहीत होतं. तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

"करू देत सीमा बंद," ती म्हणाली. "उद्या बंद झाली तर तुझ्याजवळ काय राहील, ओता? गाडीच्या काचेतून पळणारी वीस तळी. मला एक पुरे. पण ते मी बसून बघणार."

तो हळूहळू खुर्चीत मागे सरकला. समोर पांढरी बोट पैलतीराला लागली आणि परत निघाली. वारा छान होता. मी तळ्याकडे बघत होते, तेवढ्यात शेजारून घर्र आवाज आला. ओताकार तोंड उघडं टाकून घोरत होता.

वेटर बिल घेऊन आला. व्लास्ताने ओठांवर बोट ठेवलं, वाकून नवऱ्याच्या पोटावरच्या पिशवीची चेन अलगद उघडली आणि शेजारच्या टेबलावरच्या सफरचंदाच्या केककडे बोट दाखवून खूण केली: दोन.

"उठल्यावर बोंब मारेल," मी कुजबुजले.

"मारू दे," व्लास्ता म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "घर सोडल्यापासून आज पहिल्यांदा झोपलाय गं तो."