प्रार्थनेची पंधरा मिनिटं

जळगावात स्टेशनापलीकडे कापसातली सरकी काढायचा माझा लहानसा जीन होता. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या की चैत्रापर्यंत यंत्रं थांबत नसत. यंत्रांत कापूस घालायला चाळीसेक बाया होत्या, बहुतेक मेहरूणकडच्या. तेव्हा स्वराज्य अजून यायचं होतं आणि मी पस्तिशीचा होतो.

धुळ्याला देवपुरात शिकताना एका मास्तरांनी मला तत्त्वज्ञानाची गोडी लावली होती. माणसाकडून काम घ्यावं, पण त्याला अवजार समजू नये, असं ते सांगत. ते मला इतकं पटलं होतं, की जीन हातात आल्यावर मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं, "मला मालक म्हणायचं नाही, भाऊ म्हणायचं." मग रोज सकाळी प्रार्थना सुरू केली. प्रार्थना झाली की श्रम, सत्य, समता यांवर मी चार शब्द बोलायचो. व्यापारी मित्र कौतुक करत. मलाही ते आवडे.

ही प्रार्थना कामाचा भोंगा वाजण्याआधी पंधरा मिनिटं असे. ती सुरू झाली की फाटक बंद. जी उशिरा येई तिचा त्या दिवसाचा रोज बुडे. शिस्तीशिवाय संस्कार होत नाहीत, असं मी मुकादमाला समजावलं होतं. मुकादम वयानं माझ्या वडिलांएवढा. तो नुसतं "बरं" म्हणाला होता.

एका हिवाळ्यात मास्तर जळगावला आले. माझा जीन बघा, असा मी आग्रह धरला. सकाळी त्यांना खुर्चीवर बसवलं, प्रार्थना सुरू झाली. इतक्यात फाटकाशी गलका झाला आणि कडेवर वर्षभराचं मूल घेतलेली एक बाई पहारेकऱ्याला ढकलून आत आली. ती सरळ मागच्या ओळीत बसली आणि पदराआड मुलाला पाजू लागली. मूल किरकिरत होतं.

मास्तरांसमोर हे असं! मी प्रार्थना थांबवली.

"बाहेर जा. उद्या वेळेवर ये."

ती उठली नाही. म्हणाली, "भाऊ, पोरले ताप शे. त्याले पाजीसन निंघनू म्हनीसन उशीर झाया. भोंगा तर आजून वाजना नही."

"प्रार्थनेची वेळ झाली होती."

"देव तुमना शे भाऊ, पन येळ आमना जास."

मागं कोणीतरी हसलं. मी मुकादमाला खूण केली. तो जागचा हलला नाही, म्हणून मीच पुढं गेलो आणि तिला फाटकाबाहेर काढलं. हात लावला नाही, पण हात लावल्यासारखंच ते होतं. मग परत येऊन त्या दिवसाचे चार शब्द बोललो. समतेवरच बोललो असणार.

मास्तरांनाही बोलायची विनंती केली. ते म्हणाले, "मी काय बोलू? त्या बाईला बोलाव, तिचं ऐकतो." आम्ही फाटकाशी गेलो तर ती निघून गेली होती. मास्तर चहा न घेता टांग्यात बसले. जाताना एवढंच म्हणाले, "पंधरा मिनिटं तुझ्या वेळातली दे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. मुलाचा ताप उतरला होता. ती अंगण सारवत होती. परत कामाला ये म्हटलं, तर हात न थांबवता म्हणाली, "दुसरा जीनमा लागनू मी. तठे भोंगा वाजना का काम, भोंगा वाजना का सुट्टी. देवनं नाव मी घर लेस." माफ कर, असं म्हणायला मी गेलो होतो. ते म्हटलं नाही. मुलाच्या हातावर खाऊ ठेवला आणि निघालो.

त्याच आठवड्यात प्रार्थना भोंग्यानंतर घेऊ लागलो, कामाच्या वेळात. फाटक बंद करणं सोडलं. बाया मोकळेपणानं गाऊ लागल्या. इथवर कोणी म्हणेल, चूक झाली आणि सुधारली.

पण पुढं दोनेक वर्षांनी गावातल्या व्यापाऱ्यांनी माझा सत्कार केला. नीतीनं धंदा कसा करावा, यावर मला बोलायला लावलं. मी म्हणालो, "एका सकाळी चिंतन करताना मनात आलं, की देवाचं नाव घ्यायचं तर मालकानं आपल्या वेळातलं घ्यावं." टाळ्या पडल्या. बाई नाही, मास्तर नाहीत, फाटक नाही. सगळं माझं चिंतन.

मुकादम पहिल्या रांगेत होता, मीच त्याला कौतुकानं बसवलं होतं. सगळे टाळ्या वाजवत असताना तो खाली मान घालून पागोट्याचं टोक नीट करत राहिला. नंतर तो सात वर्षं माझ्याकडे होता. या गोष्टीचा एक शब्द त्यानं काढला नाही, आणि मलाही त्याच्याशी बोलायचं धाडस झालं नाही. मास्तरांना मात्र हे कबूल करणारं पत्र लिहायला मी एकदा बसलो होतो. तीन ओळी लिहिल्या आणि फाडून टाकलं, कारण त्या तिन्ही ओळींतही मी स्वतःला चांगला माणूस म्हणूनच दाखवलं होतं.